अक्षर यंत्राचे, अंगठा आपला

(मंडळातर्फे फुलसावंगी येथे घेण्यात आलेल्या विद्यार्थी अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मंडळाने आम्हाला भाषणाचा विषय विचारला, तेव्हा आम्ही सांगितले की, चॅटबॉट नावाच्या यंत्राला सोबतीला घेऊन लिहावे की लिहू नये, यावर आम्ही बोलू. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी हसून विचारले, "बँकेतल्या माणसाचा आणि लिहिण्याचा काय संबंध?" प्रश्न रास्त आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर, आणि पोटापाण्याकरिता बँकेत लिपिक. परंतु लिपिक म्हणजे तरी काय? लिहिणारा. फरक एवढाच की आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांचे आकडे लिहिले. स्वतःचे वाक्य लिहिण्याची वेळ आली की आमचाही हात थरथरतो. तेव्हा आज आम्ही जे सांगणार आहोत ते विद्वान म्हणून नव्हे, तर स्वतः चुकलेला आणि चुकून थोडे शिकलेला माणूस म्हणून सांगणार आहोत.

हे यंत्र म्हणजे काय, हे प्रथम थोडक्यात पाहू. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी हा चॅटबॉट लोकांकरिता खुला झाला. त्यानंतर इतर कंपन्यांचेही आले. आज आपल्या खेड्यातला मुलगा कापसाच्या गंजीवर बसून मोबाईलवर मराठीत प्रश्न टाकतो आणि क्षणात मराठीत उत्तर मिळवितो. पुष्कळांना वाटते की या यंत्राच्या पोटात एक मोठे ग्रंथालय आहे आणि ते त्यातून पुस्तक काढून वाचून दाखविते. तसे नाही. या यंत्राला अफाट मजकूर वाचायला दिला गेला. त्यातून ते एवढेच शिकले की, अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव अधिक. एक शब्द, मग त्यापुढचा, मग त्यापुढचा, असे ते वाक्य विणीत जाते. काही यंत्रे आता इंटरनेटवर शोधही घेतात, परंतु मूळ स्वभाव हाच. म्हणून त्याचे वाक्य गुळगुळीत असते. वाक्य गुळगुळीत आहे म्हणजे ते खरे आहे, असे मात्र नव्हे.

आणखी एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. यंत्राने जे वाचले त्यात इंग्रजीचा वाटा फार मोठा आणि मराठीचा फार लहान. २०११ च्या जनगणनेप्रमाणे मराठी मातृभाषा सांगणारे लोक ८ कोटींहून अधिक आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जाही दिला. परंतु इंटरनेटवरील विकिपीडिया हा ज्ञानकोश पाहिला तर इंग्रजीत ७० लाखांच्या आसपास लेख, आणि मराठीत सुमारे १ लाख. त्या थोड्या मराठीतही शहरातली, छापील, वळणदार मराठी जास्त. पैनगंगेच्या काठची, वेचणीच्या बायांची, आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांची मराठी त्यात कितीशी असणार? जे कोणी लिहूनच ठेवले नाही, ते यंत्र वाचणार कोठून?

आता कोणी म्हणेल, मग हे यंत्र हवेच कशाला? आम्ही तसे म्हणत नाही. ज्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत, त्या घरातला मुलगा निबंध लिहितो तेव्हा त्याचा कच्चा खर्डा वडील वाचतात, काका दुरुस्त करतात, आत्या शब्द सुचविते. आपल्या मुलाचा खर्डा वाचायला घरात कोण असते? आई वेचणीला, बाप मजुरीला, आणि आजी निरक्षर. शिष्यवृत्तीचा अर्ज, वसतिगृहाचा अर्ज, तक्रार अर्ज, सारे त्याने एकट्याने लिहायचे आणि कार्यालयातल्या बाबूने "हे काय लिहिले?" म्हणून परत करायचे. अशा मुलाला रात्री अकरा वाजता न कंटाळता, न हसता, दहा वेळा खर्डा वाचून दाखविणारा कोणी मिळत असेल, तर त्याला नाही म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. आम्ही स्वतः बँकेतल्या पत्रव्यवहाराकरिता त्याचा उपयोग केला आहे आणि त्यात फायदा झाला हे कबूल करतो.

परंतु अर्ज लिहिणे वेगळे आणि आपल्या माणसाचे जगणे लिहिणे वेगळे. तो फरक आम्हाला एका आजीने शिकविला.

या स्मरणिकेकरिता वस्तीतल्या वृद्धांच्या आठवणी गोळा करावयाचे मंडळाने ठरविले. आमच्या वाट्याला एक आजी आल्या. त्यांचे नाव त्यांच्या इच्छेप्रमाणे आम्ही घेत नाही. आजींचे माहेर पैनगंगेच्या पलीकडचे. १९७२ च्या दुष्काळात त्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला होत्या. आम्ही मोबाईलवर त्यांचे तासभर बोलणे ध्वनिमुद्रित केले. घरी आल्यावर वेळ थोडा होता. म्हणून आम्ही मुख्य मुद्दे चॅटबॉटला दिले आणि सांगितले, "यावर दोन पाने सुंदर लेख लिहा."

लेख एका मिनिटात आला, आणि खरोखर सुंदर आला. आम्ही खूश झालो. दुसऱ्या दिवशी आजींना वाचून दाखविला. आजी डोळे मिटून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "बाबू, हे बाई कोन हाय? लई भली दिसते. पन हे मी नाही."

आम्ही चपापलो. मग आजींसमोर बसून एकेक ओळ ताडून पाहिली. आजींनी सांगितले होते, "खडी फोडता फोडता बोटाचं नख गेलं, त्याच हातानं पोराला पाजलं." यंत्राने लिहिले होते, "त्यांनी प्रतिकूल परिस्थितीत कठोर परिश्रम केले." आजींनी सांगितले होते की कामावरच्या पाण्याच्या रांजणाला त्यांना हात लावू देत नसत, दुसऱ्याने वरून ओतायचे तेव्हा ओंजळीने प्यायचे. यंत्राने लिहिले, "त्या काळी काही प्रमाणात सामाजिक विषमता होती." एवढ्यावर न थांबता त्याने शेवटी एक दयाळू मुकादम उभा केला. तो एके दिवशी स्वतःच्या हाताने आजींना पाणी देतो आणि सारा गाव एकोप्याने दुष्काळाला तोंड देतो. असा मुकादम आजींच्या आयुष्यात कधी आलाच नव्हता. आणखी गंमत म्हणजे, आजींनी रेशनवर मिळणाऱ्या मिलोचा उल्लेख केला होता. मिलो म्हणजे त्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी ज्वारी, हे आपल्या वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. यंत्राने मिलोचे केले दुधात घालून प्यायचे शक्तिवर्धक पेय! ज्या बाईला दूध दिसत नव्हते, तिला यंत्राने दुधाचा पेला दिला.

याला हसून सोडून देता येते. परंतु मित्रहो, मुकादमाची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. यंत्राने वाईट हेतूने ते केले असे आम्ही म्हणत नाही, त्याला हेतूच नाही. त्याने वाचलेल्या गोष्टींचे शेवट गोड असतात, म्हणून त्याने शेवट गोड केला. पण परिणाम काय? जे घडले ते पुसले गेले आणि जे घडले नाही ते आजींच्या नावावर जमा झाले. बँकेत असे केले तर त्याला खोटी नोंद म्हणतात आणि माणसाची नोकरी जाते.

येथे आम्हाला आमच्या काउंटरवरची एक रीत आठवली. निरक्षर खातेदार पैसे काढायला येतो, तेव्हा स्लिप दुसरा कोणीतरी भरतो. कधी शेजारचा माणूस, कधी आम्ही. त्यात गैर काही नाही. अक्षर दुसऱ्याचे असले तरी चालते. परंतु अंगठा खातेदाराचाच लागतो, आणि अंगठा घेण्यापूर्वी किती रक्कम लिहिली आहे ते त्याला वाचून सांगावे लागते. वाचून न दाखविता अंगठा घेणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगण्याची गरज नाही. सावकाराच्या कोऱ्या कागदावर अंगठे उठवून जमिनी गेलेली माणसे आपण पाहिली-ऐकली आहेत. मग आम्ही आजींच्या आयुष्यावर त्यांना न विचारता परस्पर मजकूर भरून घेतला, तो काय वेगळा होता? फरक इतकाच की आम्ही छापायच्या आधी वाचून दाखविले. तेवढ्याने वाचलो.

दुसऱ्या वेळी आम्ही रीत बदलली. यंत्राला लेख लिहायला सांगितलेच नाही. ध्वनिमुद्रण ऐकून आजींचे शब्द आम्ही स्वतः, जसेच्या तसे, वहीत उतरविले. मग तो मजकूर यंत्राला देऊन सांगितले, "एक शब्दही बदलू नकोस. हे वाचणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला काय कळणार नाही, त्याचे फक्त प्रश्न काढ." त्याने दहा-बारा प्रश्न काढले. काही निरर्थक होते, पण काही फार नेमके होते. खडी फोडताना तान्हे मूल कोठे ठेवीत? मजुरी कोणाच्या हातात पडे, बाईच्या की नवऱ्याच्या? मिलोची भाकरी नेहमीच्या भाकरीपेक्षा कशी वेगळी लागे?

हे प्रश्न घेऊन आम्ही पुन्हा आजींकडे गेलो. पहिल्या प्रश्नाला आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाभळीला झोळी बांधत होतो. एक दिवस झोळीखाली इंगळी निघाली. त्या दिवसापासून पोराला पाठीशी बांधूनच घन मारला." ही आठवण त्यांनी पन्नास वर्षांत घरच्यांनाही सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलेच नव्हते. कोणीतरी विचारावे लागते, मित्रहो. यंत्राने ते विचारायला आम्हाला शिकविले, याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. उत्तर मात्र आजींचे आहे.

लिहिताना दुसऱ्याची मदत घेणे ही काही नवीन गोष्ट नव्हे. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर, शेतात त्यांनी रचलेली गाणी त्यांचे चिरंजीव सोपानदेव व एक आप्त यांनी उतरवून ठेवली, म्हणून १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर, ती पुस्तकरूपाने आली. सोपानदेव स्वतः कवी होते. मनात आणते तर आईची बोली त्यांना छापील मराठीत बसविता आली असती. त्यांनी ती बोली राखली, म्हणून आज महाराष्ट्राला बहिणाबाई ठाऊक आहेत.

खुद्द बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत त्यांचे हस्तलिखित टंकलिखित करण्याचे काम नानकचंद रत्तू करीत. दिल्लीतली सरकारी नोकरी सांभाळून ते संध्याकाळी बाबासाहेबांच्या निवासस्थानी येत आणि रात्री उशिरापर्यंत काम करीत. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकाचे कागद बाबासाहेबांनी जवळ ठेवून घेतले होते. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला. टंकयंत्रावर बोटे रत्तूंची होती, पण त्यातील विचार कोणाचा याबद्दल कोणाच्या मनात कधी शंका आली नाही. मदत अशी असावी.

तिसरे उदाहरण उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे. आंबेडकरी चळवळीत वावरलेल्या स्त्रियांना त्यांनी शोधून काढले, त्यांच्याशी बोलल्या, आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ दिला. त्या भेटल्या नसत्या, त्यांनी विचारले नसते, तर त्या स्त्रियांचे बोल त्यांच्याबरोबरच गेले असते.

आणि मदतीचा एक चौथा प्रकार असतो, तो ओळखायला शिकले पाहिजे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने वार्षिक परिषदेच्या अध्यक्षपदाकरिता बाबासाहेबांना बोलाविले. भाषण छापून तयार झाले. ते वाचून मंडळाच्या लोकांना काही भाग फार कडक वाटला. तो गाळावा, थोडे सौम्य करावे, अशी त्यांनी मागणी केली. बाबासाहेबांनी कळविले की आपण एक स्वल्पविरामसुद्धा बदलणार नाही. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते न झालेले भाषण मे १९३६ मध्ये स्वतःच्या खर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट', जे आज जगभर वाचले जाते. जरा कल्पना करा की, ते त्या दिवशी सौम्य झाले असते, तर आज कोणी वाचले असते काय?

आपले हे यंत्र मोठ्या नम्रपणे तेच करते. "आपण याला अधिक संतुलित करू या का?" असे विचारते. कधी विचारीतही नाही, परस्पर करून टाकते. राग काढून टाकते, गावाचे नाव काढून टाकते, शिवी असेल तर ती आणि शिवीमागचे दुःख दोन्ही काढून टाकते. अर्ज लिहिताना हा सौम्यपणा कामाला येतो, हे आम्ही नाकारत नाही. परंतु जेथे सत्य कडू आहे, तेथे त्याला साखर लावून देण्याचा अधिकार आपण यंत्राला दिलेला नाही, हे विसरू नये.

दुसरा धोका प्रमाणाचा. जयंतीच्या भाषणाकरिता आम्ही एकदा यंत्राला बाबासाहेबांचे शिक्षणविषयक वचन विचारले. त्याने तत्काळ एक बाणेदार वाक्य दिले आणि खाली शासनाने प्रसिद्ध केलेल्या लेखन आणि भाषणांच्या मालिकेतील खंड आणि पृष्ठही दिले. १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली निघू लागलेली ही मालिका आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. आम्ही तो खंड काढला, ते पृष्ठ काढले. तेथे भलताच मजकूर होता. पुढचे-मागचे पाहिले, सूची पाहिली, वाक्य सापडले नाही. यंत्राला तसे सांगितले तर त्याने क्षमा मागितली आणि दुसरा पृष्ठ क्रमांक दिला! तोही चुकीचा. आम्ही ते वाक्य भाषणातून काढून टाकले. बँकेत एखाद्या रकमेचा उलगडा होत नसेल तर ती कोणाच्याही खात्यात जमा करीत नाहीत, सस्पेन्स खात्यात ठेवतात. उलगडा झाला की मगच योग्य खात्याला. लिहिणाऱ्यानेही आपल्या वहीत असे एक सस्पेन्स खाते ठेवावे. आणि बाबासाहेबांच्या खात्यात तर बिनपुराव्याचे एक वाक्यही जमा करू नये. तसे करणे हा आदर नव्हे.

आता आम्ही मुख्य गोष्टीकडे येतो. या अभ्यासवर्गात बोलण्याचे खरे कारण तेच आहे.

गेल्या वर्षी मंडळाने विद्यार्थ्यांकरिता निबंधस्पर्धा घेतली. विषय होता 'माझे गाव'. परीक्षक आम्ही होतो. निबंध वाचायला बसलो तर सहा निबंधांची सुरुवात जवळजवळ एकच, गाव निसर्गाच्या कुशीत वसलेले. सहाही निबंधांत झुळझुळ नदी, हिरवे डोंगर आणि सुखासमाधानाने नांदणारे गावकरी. कापूस कोठे नाही, सोयाबीन कोठे नाही, उन्हाळ्यातली पाण्याची पायपीट कोठे नाही. पोरांनी यंत्राकडून लिहून आणले हे उघड होते. आमचा संताप झाला.

त्याच संतापात सातवा निबंध हातात आला. तो वेचणीला जाणाऱ्या आईवर होता. भाषा स्वच्छ, वाक्ये बांधेसूद. 'किंबहुना', 'यथावकाश' असे शब्द. आम्ही पुढे नीट वाचलेही नाही. तांबड्या शाईने वर 'यंत्रलिखित' असा शेरा मारला आणि बाजूला ठेवला. बक्षीस दुसऱ्याला गेले.

चार दिवसांनी ती मुलगी शाळेच्या गणवेशातच बँकेत आली. रांगेत उभी राहिली. पाळी आल्यावर तिने काउंटरवर वही ठेवली. वहीत त्या निबंधाचे तीन खर्डे होते, खाडाखोड केलेले. मागच्या पानांवर वर्तमानपत्रातून आणि वाचनालयातल्या पुस्तकांतून उतरवून घेतलेल्या शब्दांची यादी होती, अर्थासहित. ती रडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "काका, किंबहुना हा शब्द मी लिहू नये का?"

मित्रहो, त्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. घरी येऊन विचार केला, तेव्हा आमचीच आम्हाला लाज वाटली. त्या सहा निबंधांबद्दल आमच्याजवळ पुरावा होता, कारण सहा कागदांवर एकच वाक्य होते. या सातव्याबद्दल काय पुरावा होता? काहीच नाही. फक्त मनातला एक समज होता की, मजुराच्या पोरीला इतकी चांगली मराठी येणार नाही. हाच समज इतरांनी आपल्याबद्दल पिढ्यान् पिढ्या बाळगला. तो आमच्या मनात कधी येऊन बसला ते आम्हालाही कळले नाही. १८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय' पत्राने छापला होता. पावणेदोनशे वर्षे होत आली. आणि आमच्यासारखा पदवीधर परीक्षक अजून विचारतो की, हे तूच लिहिलेस का?

कोणी म्हणेल, लेखन यंत्राचे की माणसाचे हे ओळखणारे सॉफ्टवेअर असते, त्यातून तपासायचे. त्याचीही गोष्ट ऐका. चॅटजीपीटी काढणाऱ्या कंपनीनेच असे एक साधन काढले होते. अचूकता कमी, म्हणून जुलै २०२३ मध्ये तिने ते स्वतःच बंद केले. त्याच वर्षी अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी काही साधने तपासली, तेव्हा इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरविले. ते निबंध माणसांनीच लिहिलेले होते. म्हणजे तेथेही संशयाचा फटका बाहेरून आलेल्यालाच. आम्ही सॉफ्टवेअर वापरले नाही, पण काम तेच केले.

ती मुलगी आज येथे पुढच्या रांगेत बसली आहे. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेऊनच आम्ही हे बोलत आहोत. शेरा तांबड्या शाईत, चार लोकांसमोर मारला होता, म्हणून क्षमाही चार लोकांसमोरच मागितली पाहिजे. बाळ, आम्ही चुकलो. किंबहुना हा शब्द तुझा आहे. तुला हवा तेथे लिही. तिचा तो निबंध या स्मरणिकेत तिच्या नावाने, एकही शब्द न बदलता छापावा, अशी विनंती आम्ही मंडळाला केली आणि मंडळाने ती मान्य केली आहे.

आणि ज्या सहा मुलांनी यंत्राचा निबंध दिला, त्यांच्यावरही आम्ही आता रागावलेलो नाही. त्यांना बोलावून विचारले तेव्हा एक जण म्हणाला, "काका, आमच्या गावात लिहिण्यासारखं काय आहे?" हे ऐकून मन विषण्ण झाले. यंत्राने त्याचे गाव पुसले हे खरे, पण आपले गाव लिहिण्याच्या लायकीचे नाही, हे त्याला यंत्राच्या आधीच कोणीतरी शिकविले होते. तो दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही. तो आपणा मोठ्यांचा आहे.

विद्यार्थी मित्रांकरिता आता चार गोष्टी सांगतो. या आमच्या अनुभवातल्या आहेत.

पहिली गोष्ट, पहिला खर्डा स्वतःच्या हाताने लिहा. वाकडा-तिकडा असू द्या, बोलीत असू द्या. यंत्राला नंतर बोलवा. कोऱ्या कागदावर यंत्र आधी बसले तर तुम्हाला जागा उरत नाही.

दुसरी, यंत्राला लिहायला सांगण्याऐवजी विचारायला सांगा. कोठे कळत नाही, कोठे पुरावा कमी आहे, कोठे तेच तेच झाले आहे, हे त्याला दाखवू द्या. व्याकरणाच्या चुका दाखवू द्या. पण तुमचा शब्द त्याने बदलला तर कारण विचारा, आणि कारण पटले नाही तर तुमचाच ठेवा.

तिसरी, बँकेत एन्ट्री करणारा वेगळा आणि ती पास करणारा वेगळा असतो. एकाच माणसाने दोन्ही करावयाचे नसते. यंत्राने दिलेले नाव, साल, वचन हे फक्त एन्ट्री समजा. पास करण्याचे काम तुमचे. ग्रंथ उघडा, जाणत्याला विचारा, मग सही करा. यंत्रानेच लिहिले आणि यंत्रालाच विचारले की खरे आहे का, तर ती तपासणी नव्हे.

चौथी, दुसऱ्याचे दुःख, आधार क्रमांक, खाते क्रमांक, जातीचा दाखला, आजाराचे कागद यंत्रात टाकू नका. ते कोठे जाते यावर आपला ताबा नाही. आणि ज्याच्याबद्दल लिहिले त्याला छापण्यापूर्वी वाचून दाखवा. मदत घेतली असेल तर तसे उघड सांगा. मदत घेण्यात कमीपणा नाही, लपविण्यात आहे.

मंडळालाही एक विनंती आहे. यंत्राला आपली भाषा येत नाही, अशी तक्रार करीत बसण्यापेक्षा आपण आपले लिहून ठेवू या. वस्तीतल्या ऐंशीच्या पुढच्या माणसांची यादी करावी. एकेका विद्यार्थ्याने एकेका वृद्धाजवळ बसावे, त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत उतरवावे, वाचून दाखवावे, आणि त्यांच्या संमतीने वाचनालयात वहीच्या रूपाने जपावे. यंत्र उद्या बदलेल, परवा दुसरे येईल. वही मात्र राहील.

शेवटी आजींचे सांगतो. दुसरा मजकूर पूर्ण झाल्यावर आम्ही तो त्यांना वाचून दाखविला. नख, रांजण, मिलोची भाकरी, बाभळीची झोळी, इंगळी, सारे त्यात होते. दयाळू मुकादम नव्हता. आजी ऐकत राहिल्या. संपल्यावर काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे केला आणि विचारले, "कुठं लावू?"

आम्ही म्हणालो, आजी, याला अंगठा लागत नाही. त्या म्हणाल्या, "लागते कसा नाही? माझं हाय ना हे?"

म्हणून त्या मजकुराखाली आजींचा अंगठा तुम्हाला छापलेला दिसेल. नाव नाही, अंगठा आहे. लिहिणाऱ्या प्रत्येकाने आपले लिखाण त्या अंगठ्याशेजारी ठेवून पाहावे आणि स्वतःला विचारावे की, माझं हाय ना हे?